नाका नसलेले शहर

परदेशी जाऊन आलेल्या माणसाने दिवाळी अंकात प्रवासवर्णन लिहू नये, असा कायदा अजून कोणी केलेला नाही. त्याचा फायदा मीही घेतो आहे. पण वाचकांनी धास्ती घेऊ नये. मी आयफेल टॉवर पाहिला नाही, नायगारा पाहिला नाही, आणि ब्राझीलला जाऊनही रिओचा समुद्रकिनारा पाहिला नाही. मी पाहिले ते एक सरकारी कचेऱ्यांचे गाव, आणि ऐकली ती तिथल्या पोरांची कुरकुर. ती मात्र कानात अशी काही बसली आहे, की आज इतकी वर्षे झाली तरी जात नाही.

२०१८ च्या ऑगस्टात आम्ही दोघे, म्हणजे मी आणि आमची मंडळी, मुलाकडे ब्राझिलियाला दोन महिने राहायला गेलो. मुलगा शेतीच्या यंत्रांच्या एका कंपनीत आहे. कंपनीने त्याची तिकडे बदली केली, आणि तो बायकोला व सोळा वर्षांच्या मुलाला घेऊन, पुण्याचे बिऱ्हाड मोडून, साडेआठ तास मागे असलेल्या मुलखात जाऊन राहिला. बदली हा शब्द आमच्या घराला नवा नाही. मी पस्तीस वर्षे बँकेत होतो. सोलापूर, नांदेड, रत्नागिरी, अकोला आणि शेवटी पुणे, असा महाराष्ट्राचा नकाशा मी ट्रंका आणि वळकट्यांसह पाठ केलेला आहे. त्यामुळे मुलाने फोनवर ‘बदली’ म्हणताच मी सवयीने विचारले, “क्वार्टर्स आहेत ना?”

क्वार्टर्स होत्या. किंबहुना पहिल्या दिवशी तरी मला त्या गावात क्वार्टर्सशिवाय दुसरे काही दिसलेच नाही.

ब्राझीलची राजधानी पूर्वी रिओ द जानेरो. ती किनाऱ्यावरून हलवून देशाच्या पोटात, ओसाड माळावर न्यावी, असे तिकडचे पुढारी शंभर वर्षे नुसते घोकत होते. १९५६ साली जुसेलिनो कुबिचेक हे अध्यक्ष झाले आणि त्यांनी ते मनावर घेतले. १९५७ साली लुसियो कोस्ता यांचा आराखडा स्पर्धेत पहिला आला. मोठमोठ्या इमारती ऑस्कर नीमायर यांनी रेखाटल्या. देशभरातून, विशेषेकरून दुष्काळी ईशान्य भागातून, हजारो मजूर आले. त्यांना ‘कांदांगो’ म्हणत. त्यांनी रात्रीचा दिवस केला, आणि २१ एप्रिल १९६० रोजी राजधानीचे उद्‌घाटन झाले. आपल्याकडे त्याच सुमारास चंदीगड उभे राहत होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या काळची हवा वाचकांच्या लक्षात येईल. नवा देश, नवे गाव, आणि त्यात राहणारा नवा माणूस! गाव बांधून झाले की माणूस आपोआप नवा होईल, असा तेव्हाच्या थोरामोठ्यांचा समज होता.

वरून पाहिले तर या शहराचा आकार विमानासारखा दिसतो. धडात सरकारी कचेऱ्या, दोन पंखांत माणसे. पंखांना तिथले लोक खरोखरच दक्षिण पंख आणि उत्तर पंख म्हणतात. पंखात चौकोनी वस्त्या आहेत, त्यांचे नाव ‘सुपरक्वाद्रा’. एकेका वस्तीत सहा मजली इमारती, त्याही खांबांवर उचललेल्या, म्हणजे खालून कोणीही इकडून तिकडे जावे. सभोवार दाट झाडी. शाळा, चर्च, वाण्याचे दुकान, सगळे चालत जाण्याच्या अंतरावर. १९८७ साली युनेस्कोने हे शहर जगाच्या वारशात जमा केले, ते काही उगीच नव्हे. पत्ता म्हणजे तर गणिताचे उत्तर. आधी दक्षिण की उत्तर ते सांगणारी अक्षरे, मग वस्तीचा तीन आकडी नंबर, मग इमारतीचे अक्षर, मग बिऱ्हाडाचा आकडा. मुलाने पत्ता लिहून दिला तेव्हा आमची मंडळी म्हणाली, “अहो, हा तर तुमच्या बँकेतल्या लॉकरचा नंबर वाटतो.”

तिसऱ्या दिवशी मला काहीतरी चुकल्यासारखे वाटू लागले. सकाळी फिरायला निघालो. चाललो, चाललो आणि चालतच राहिलो. त्या गावचे मोठे रस्ते एकमेकांच्या वरून जातात, खालून जातात, गोल वळसे घेतात. त्या वळशांना लोक लाडाने ‘छोट्या कातरी’ म्हणतात. एकमेकांना आडवे मात्र ते सहसा जात नाहीत. आपल्याकडे रस्ता रस्त्याला मिळतो तिथे पानवाला असतो, सायकलचे दुकान असते, चार रिकामटेकडे असतात, आणि गावातली प्रत्येक बातमी आधी तिथे येऊन मग घरोघर जाते. ती जागाच मला सापडेना. घरी येऊन मी हिला म्हटले, “या गावाला नाका नाही.”

“नाक नाही?” ती स्वयंपाकघरातून म्हणाली.

“तेही खरेच,” मी म्हटले.

पुढे कळले की ‘आमच्या गावाला कोपरे नाहीत’ ही ब्राझिलियाच्या लोकांचीच जुनी तक्रार आहे. तेव्हा मला जरा बरे वाटले.

ऑगस्ट म्हणजे तिकडचा कोरडा ऋतू. मे ते सप्टेंबर पावसाचे नाव नाही. जिकडे तिकडे तांबडी धूळ, आणि त्या धुळीत पिवळ्याधमक फुलांनी डवरलेली, अंगावर पान नसलेली ईपेची झाडे. हवेतला ओलावा इतका उतरतो की ओठ फुटतात. शेजारणीने सुनेला सांगून ठेवले होते, रात्री उशाशी पाण्याची बादली ठेवत जा. बादलीला पोर्तुगीजमध्ये ‘बाल्दे’ म्हणतात हे कळल्यावर ही एकदम खूश झाली. मग आम्हाला तो नादच लागला. साबण म्हणजे ‘साबाँव’, चावी म्हणजे ‘शावी’, पाव म्हणजे ‘पाँव’, आणि ‘पगार’ म्हणजे पैसे चुकते करणे! पोर्तुगीजांनी हे शब्द गोव्याच्या वाटेने आपल्या घरात आणून ठेवले, आणि त्यांच्याबरोबर ब्राझीलकडचा काजू नि अननसही. अननसाला आता ब्राझीलमध्ये ‘अबाकाशी’ म्हणतात. डोक्याला ताप देणाऱ्या भानगडीलाही अबाकाशीच म्हणतात. ‘अननस सोलणे’ म्हणजे ती भानगड निस्तरणे. आमच्याही घरात एक अननस सोलायचा राहिला होता. तो म्हणजे आमचा नातू.

हा पोरगा पुण्याला असताना घरात टिकत नसे. सोसायटीच्या फाटकावर त्याची आणि त्याच्या सवंगड्यांची बैठक असायची, आणि जेवायला दहा हाका माराव्या लागत. इथे त्याला खोलीबाहेर काढायला दहा हाका लागत. शाळा पोर्तुगीजमधून, दोस्त कोणी नाही, खाली उतरावे तर झाडे आणि खांब. मी विचारले, “कसे काय वाटते रे गाव?”

“बोअर, आबा.”

एवढेच. त्यावर चिरंजीवांचे ठरलेले उत्तर असे, “शाळा चांगली, हवा चांगली, खेळायला मैदान. आणखी काय पाहिजे याला?”

सप्टेंबरच्या सुटीत सगळ्यांनी मिळून उत्तरेला शापादा दोस वेआदेइरोस या डोंगराळ प्रदेशातले धबधबे पाहायला जायचे ठरले होते. हिने पुऱ्यांसाठी कणीकही काढून ठेवली. आणि शाळेतून चिठ्ठी आली, की मुलगा रसायनशास्त्रात नापास असून त्याला ‘हेकुपेरासाँव’, म्हणजे फेरपरीक्षा द्यावी लागेल. ती नेमकी त्याच सुमारास. सहल बारगळली. रात्री जेवताना बापलेकांत जुंपली. नातू म्हणाला, “मला विचारून आलात का इथे?” आणि आमचे चिरंजीव ताडकन म्हणाले, “मग काय करू? पगार काय झाडाला लागतो?”

माझा घास हातातच राहिला. हे वाक्य माझे होते. १९८८ साली रत्नागिरीहून अकोल्याला बदली झाली, तेव्हा मी ते याच मुलाला ऐकवले होते. तो तेव्हा चौदा वर्षांचा होता.

त्या रात्री नातवाच्या खोलीतून एकच गाणे पुन्हा पुन्हा ऐकू येत होते. एक गिटार, आणि एका पुरुषाचा भरदार, गोष्ट सांगितल्यासारखा आवाज. गाण्यात ‘हेकुपेरासाँव’ हा शब्द आला तेव्हा मी कान टवकारले. आमच्या घरची भानगड गाण्यात कशी पोचली?

इमारतीखाली बाकावर संध्याकाळी एक गृहस्थ येऊन बसत. पासष्टीच्या आतलेच, एका मंत्रालयातून सेवानिवृत्त झालेले. इंग्रजी बरे बोलत. दुसऱ्या दिवशी मी त्यांना ती चाल गुणगुणून दाखवली. माझा आवाज ऐकून ते आधी गोंधळले आणि मग मोठ्याने हसले. “एदुआर्दु आणि मोनिका!” ते म्हणाले. “हे गाणे येत नाही असा माणूस या गावात मिळायचा नाही.”

आणि त्यांनी मला ती गोष्ट सांगितली. एदुआर्दु सोळा वर्षांचा पोरगा, शाळेत जाणारा, टीव्हीवरच्या मालिका पाहणारा. मोनिका त्याच्याहून मोठी, वैद्यकी शिकणारी, जर्मन बोलणारी. दोघांची भेट ठरते ती शहरातल्या मोठ्या बागेत. ती मोटारसायकलवरून येते, हा आपला सायकलवरून. ब्राझिलियाच्या पोरांच्या भाषेत सायकलला ‘उंट’ म्हणतात. अशी ही विजोड जोडी जमते, टिकते, संसार थाटते, जुळी मुले होतात, पैशाची ओढाताण होते. आणि शेवटी काय? यंदा सुटीत ही मंडळी कुठे जाणार नाहीत, कारण पोराची फेरपरीक्षा आहे!

मी आधी पोट धरून हसलो. मग मला वाटले, काल रात्री आपण जेवताना जे भांडण केले, तेच कोणीतरी १९८६ साली गाऊन ठेवले आहे, आणि बाप जे ऐकत नाही ते पोरगा गाण्यातून ऐकतो आहे. “कोण हो हा गाणारा?” मी विचारले.

“आमच्यातलाच,” गृहस्थ म्हणाले. “बँकेतल्या माणसाचा मुलगा.”

हे ऐकल्यावर मी बाकावर जरा सावरून बसलो.

त्याचे नाव रेनातो रुसो. लिहायचे रेनातो रुसो, म्हणायचे हेनातो हुसो. पोर्तुगीज भाषेत पहिल्या ‘र’चा ‘ह’ होतो. खरे नाव रेनातो मानफ्रेदिनी ज्युनिअर. रुसो हे नाव त्याने रूसो आणि रसेल या तत्त्वज्ञांवरून आणि हेन्री रूसो या चित्रकारावरून घेतले. जन्म रिओला, २७ मार्च १९६० चा. म्हणजे गाणारा त्या शहराहून पंचवीस दिवसांनी मोठा. बाप ब्राझीलच्या सरकारी बँकेत. त्यांची बदली झाली म्हणून पोराची दोनेक वर्षे न्यूयॉर्कमध्ये गेली. १९७३ साली हे कुटुंब ब्राझिलियाला आले, तेव्हा पोरगा तेरा वर्षांचा होता. पंधराव्या वर्षी त्याला मांडीच्या हाडाचे दुखणे झाले. शस्त्रक्रिया, मग कित्येक महिने अंथरूण, मग चाकाची खुर्ची, मग कुबड्या. पडल्या पडल्या त्याने एक काल्पनिक वाद्यवृंद उभा केला. त्याला नाव दिले, त्यातल्या वादकांची चरित्रे लिहिली, त्यांच्या रेकॉर्डींची यादी केली. नाका नसलेल्या गावात, चालता न येणाऱ्या मुलाने, आपल्याच डोक्यात चार मित्र जमवले म्हणा ना!

पुढे तो हिंडूफिरू लागला आणि खरेच मित्र मिळाले. उत्तर पंखाच्या बाजूला विद्यापीठ आहे. तिथल्या प्राध्यापकांच्या वसाहतीला ‘कोलिना’, म्हणजे टेकडी म्हणतात. कोणाचा बाप प्राध्यापक, कोणाचा वकिलातीत, कोणाचा सैन्यात, कोणाचा कचेरीत. परदेशी राहून आलेली काही पोरे इंग्लंडमधल्या नव्या ‘पंक’ संगीताच्या रेकॉर्डी घेऊन आली होती. ते संगीत वाजवायला फार विद्या लागत नाही, राग मात्र भरपूर लागतो. तो यांच्याजवळ होता. १९७८ साली त्यांनी पहिला वाद्यवृंद काढला. त्याचे नाव आबोर्तो एलेत्रिको. नावाचा अर्थ घरातल्या अंकात सांगण्यासारखा नाही. तो मोडल्यावर काही दिवस रेनातो एकटाच गिटार घेऊन गाऊ लागला, आणि १९८२ साली ‘लेजियाँव उर्बाना’, म्हणजे शहरी पलटण, ही मंडळी उभी राहिली. गाणारा रेनातो, गिटारवर दादो विला-लोबोस, ढोलांवर मार्सेलो बोन्फा. पोटापाण्यासाठी रेनातोने इंग्रजीच्या शिकवण्याही केल्या. याच पोरांमधून पुढे कापिताल इनिसियाल आणि प्लेबे रूदे असे आणखी नावाजलेले वाद्यवृंद निघाले. प्लेबे रूदेच्या एका रेकॉर्डीचे नावच आहे, ‘काँक्रीटला तडा गेलाच’. सगळ्या काँक्रीटच्या गावात राहून हे नाव ठेवायला छाती पाहिजे.

“पण राग कसला?” मी विचारले. “तुम्हाला काय कमी होते?”

गृहस्थ म्हणाले, “काहीच नाही. शाळा दिली, झाडे दिली, एक तळेसुद्धा खणून दिले. फक्त विचारले नव्हते.” ते पोरवयात वडिलांच्या बदलीबरोबरच या गावात आले होते. “संध्याकाळी आम्ही इथेच, या खांबांमध्ये बसायचो. जायला जागा नसायची. दिवे सगळे लागलेले, आणि रस्त्यावर माणूस नाही. त्या वेळी लष्कराचे राज्य होते. मोठ्याने बोलायचे नाही, हे आम्हाला घरात शिकवलेले. मग आम्ही मोठ्याने गायला लागलो.”

वाचकांना ठाऊक असेलच, की १९६४ पासून १९८५ पर्यंत ब्राझीलवर लष्कराचा अंमल होता, आणि ज्या गावात ही पोरे कंटाळत होती, तिथेच ते सेनापती राहत होते. पण गाण्यांची गंमत अशी, की त्यांची सुरुवात बहुधा सेनापतीपासून होत नाही. ती घरच्या भानगडीपासून होते. एका गाण्याचे नाव आहे ‘केमिस्ट्री’. आपल्याला हा विषय किती नकोसा आहे, आणि कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेपायी जीव कसा मेटाकुटीला येतो, याची ती सरळ सरळ तक्रार आहे. ते रेनातोचे गाणे पारालामास नावाच्या वाद्यवृंदाने १९८३ साली आपल्या पहिल्या रेकॉर्डीत घेतले. दुसऱ्या एका गाण्याचे नाव ‘कंटाळा’, आणि पुढे, तोही मोठ्या अक्षरात. मग परीक्षा आणि कंटाळा यांच्यापासून निघालेली ही कुरकुर वाढत वाढत ‘हा कसला देश आहे?’ या गाण्यापर्यंत जाते. ते १९७८ सालचे. रेकॉर्डीवर मात्र १९८७ साली आले. दरम्यान लष्कर गेले होते, लोकांनी नवी पहाट पाहिली होती, आणि महागाईने सगळ्यांना पुन्हा रडकुंडीला आणले होते. नऊ वर्षांपूर्वीचा प्रश्न, पण एक अक्षर बदलावे लागले नाही, असे गृहस्थ म्हणाले.

मी घरी जाऊन नातवाला म्हटले, “चल, तुझ्या त्या हुसोचे गाव मला दाखव.”

त्याने माझ्याकडे असे पाहिले, जणू टेबलाने त्याला हाक मारली होती.

शनिवारी आम्ही दोघेच निघालो. आधी दक्षिण पंखातल्या ३०३ नंबरच्या वस्तीत गेलो. रेनातोचे कुटुंब तिथे राहत असे. पाहण्यासारखे काही नाही. तशाच खांबांवरच्या इमारती आणि तशीच झाडे. पण नातू तिथे पाच मिनिटे टोपी हातात घेऊन उभा राहिला. मग ५०८ मध्ये गेलो. तिथल्या नाट्यगृहाला आणि कलाकेंद्राला आता रेनातो रुसोचेच नाव आहे. ज्या कुरकुरीबद्दल बापाने दटावले असेल, तिला पुढे सरकारने पाटी लावून जागा दिली.

तिथून आम्ही विमानाच्या पोटात, दोन मोठे रस्ते जिथे एकावर एक येतात, त्या मोठ्या बसस्थानकावर गेलो. आणि काय सांगू! नाका सापडला. माणसांची ही गर्दी, फेरीवाले, ओरडा, आणि एका दुकानात चक्क उसाचा रस, सोबत तळलेला, करंजीसारखा पण चौकोनी पदार्थ. त्याला ‘पास्तेल’ म्हणतात. मी दोन ग्लास रस प्यालो. नातू म्हणाला, “आबा, हे सगळे लोक इथे राहत नाहीत. संध्याकाळी परत जातात.”

“कुठे?”

“सेइलांजियाला. चला, दाखवतो.”

भुयारी रेल्वे आम्हाला पश्चिमेला घेऊन निघाली. थोड्याच वेळात ती जमिनीवर आली, आणि झाडी संपून घरांना घरे चिकटू लागली. या सेइलांजियाच्या नावातच तिची जन्मकथा आहे. राजधानी बांधून झाली. पण ती बांधणाऱ्या मजुरांना तिच्यात जागा नव्हती. त्यांनी झोपड्या घातल्या. १९७१ साली सरकारने ‘अतिक्रमण निर्मूलन मोहीम’ काढून त्या हजारो माणसांना उचलले आणि दूर माळावर नेऊन सोडले. त्या मोहिमेच्या नावाची आद्याक्षरे होतात ‘सेइ’. त्याला शेपूट जोडून गावाचे नाव झाले सेइलांजिया. जणू आपण एखाद्या वस्तीला ‘हटावपूर’ म्हणावे! आज राजधानीच्या प्रदेशातल्या सगळ्यांत दाट वस्त्यांपैकी ही एक आहे. हा सगळा प्रदेश २०२२ च्या शिरगणतीत २८ लाखांच्या वर गेला. विमानाचे पंख काढताना कागदावर होती पाच लाख माणसे.

गाडीत नातवाने मला रेनातोचे दुसरे एक गाणे सांगितले. नऊ मिनिटांचे, ध्रुपद नसलेले, पोवाड्यासारखे एका दमात चालणारे. त्यातला जुआँव हा ईशान्येकडचा गरीब पोरगा नाताळाच्या सुमारास राजधानीत उतरतो आणि दिव्यांची रोषणाई पाहून दिपून जातो. सुताराकडे उमेदवारी करतो, मजुरीत भागत नाही, वाईट धंद्यात शिरतो, आणि शेवटी सेइलांजियातच, बघ्यांच्या देखत मारला जातो. हे गाणे रेनातोने १९७९ साली रचले, १९८७ साली ते रेकॉर्डीवर आले, आणि एवढे लांबलचक असूनही रेडिओवर वाजले. नातवाला ते सबंध पाठ होते! ज्या पोराला रसायनाची दोन समीकरणे पाठ होत नाहीत, त्याने परक्या भाषेतला हा दीडशेहून जास्त ओळींचा पोवाडा पाठ केला होता. ही गोष्ट त्याच्या शाळेला आणि बापाला कोणी सांगितली नव्हती. त्यालाही ती सांगावीशी वाटली नव्हती.

मी मनाशी म्हटले, या बँकवाल्याच्या मुलाने आपल्या कंटाळ्याचेच रडगाणे गायले असते, तर ते चार दिवसांत विरले असते. पण खांबांखाली बसून कंटाळलेल्या त्या पोराला, तेच खांब उभे करून हाकलले गेलेले लोकही दिसले. स्वतःची लहान तक्रार मोकळेपणी बोलता आली, म्हणूनच त्याला दुसऱ्याची मोठी तक्रार ऐकू आली असेल.

सेइलांजियाच्या बाजारात आम्ही तासभर हिंडलो. तिथे कोपरे होते, बाकडी होती, भांडणे होती. परत येताना मी एक खोके विकत घेतले. त्याचे कारण पुढे सांगतो.

त्या संध्याकाळी बाकावर मी गृहस्थांना विचारले, “तुम्ही त्याला समोर गाताना ऐकले आहे?”

ते थोडा वेळ गप्प राहिले. “एकदा. १८ जून १९८८.”

त्या दिवशी लेजियाँव उर्बाना मोठे नाव कमावून आपल्या गावी, तिथल्या माने गारिंशा मैदानावर गायला आली होती. हजारोंची गर्दी लोटली. कार्यक्रम चालू असता एक माणूस व्यासपीठावर चढून रेनातोच्या अंगावर गेला. रेनातो चिडला, लोकांना टाकून बोलला आणि कार्यक्रम लवकर आटोपला. मग लोक बिथरले. दगडफेक, मोडतोड, पोलिसांच्या लाठ्या. कित्येक जण जखमी झाले. त्यानंतर हा वाद्यवृंद ब्राझिलियात पुन्हा कधी गायला नाही. ११ ऑक्टोबर १९९६ रोजी रिओमध्ये, एड्सच्या दुखण्याने, रेनातो गेला. वय छत्तीस. वाद्यवृंद त्याच महिन्यात संपला. ते मैदानही पाडून २०१४ च्या विश्वचषकासाठी नवे बांधले.

“आम्ही त्याच्यावर रागावलो आणि तो आमच्यावर,” गृहस्थ म्हणाले. “आम्हाला वाटले, अजून वेळ आहे. पुढच्या वर्षी येईल, मग बोलू.”

एवढे बोलून ते उठले आणि वर गेले.

त्या रात्री मला झोप आली नाही. गॅलरीत आलो, तर चिरंजीव तिथेच उभे होते. खाली झाडांत दिवे लागलेले, रस्त्यावर माणूस नव्हता. काय बोलावे ते मला सुचेना. बापाने मुलाशी काय बोलावे याचे शिक्षण आमच्या पिढीला मिळालेले नाही. शेवटी मी म्हटले, “अकोल्याला गेलो तेव्हा तू दोन दिवस जेवला नव्हतास.”

तो समोर बघत म्हणाला, “तीन.”

“मांडवीवर तुझी ती क्रिकेटची कंपनी होती.”

“होती,” तो म्हणाला. “बाबा, तुम्हाला आठवते? मला वाटले, तुम्हाला माहीतच नव्हते.”

माहीत होते. पण माहीत आहे हे सांगायचे राहिले होते. तीस वर्षे राहिले. ते मी त्या रात्री, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, पायजम्याच्या खिशात हात घालून सांगितले. तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, “आत चला, कोरडी हवा आहे.”

आता त्या खोक्याविषयी. एदुआर्दुच्या गाण्यात एक बारीक गोष्ट आहे, ती मला नातवाने गाडीत सांगितली होती. तो एदुआर्दु फावल्या वेळी आपल्या आजोबांबरोबर बटणांचा फुटबॉल खेळतो. हा ब्राझीलचा घरगुती खेळ आहे. टेबलावर मैदान आखायचे, कॅरमच्या सोंगट्यांसारख्या चकत्या म्हणजे खेळाडू, आणि हातातल्या चकतीने त्यांच्या कडेवर दाब देऊन त्यांना उडवायचे. तोच खेळ मी आणला होता. माझा कॅरमचा हात असल्याने मला वाटले, सहज जिंकू. पहिल्या दिवशी सात गोल खाल्ले.

मग रोज रात्री जेवणानंतर आमचा सामना होऊ लागला. खेळता खेळता नातू बोलू लागला. शाळा बोअर, डबा बोअर, मास्तर काय बोलतात ते कळत नाही, वर्गातला एक मुलगा बरा आहे पण तो लांब राहतो. मी उपदेश केला नाही, याचे श्रेय मला नसून सामन्याला आहे. उपदेश करायला गेले की गोल बसे. तिसऱ्या रात्री चिरंजीव येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “मला खेळायला घ्याल का?” नातवाने त्यांच्याकडे पाहिले, आणि टेबलापाशी सरकून जागा केली.

धबधबे काही आम्ही पाहिले नाहीत. फेरपरीक्षेत नातू काठावर पास झाला. शेवटच्या रविवारी आम्ही सगळे त्या पंखांच्या मधोमध जाणाऱ्या रुंद रस्त्यावर फिरायला गेलो. रविवारी तो मोटारींना बंद असतो, आणि एरवी न दिसणारी माणसे कुठून कुठून तिथे येतात. कोणी पळते, कोणी ‘उंट’ हाकते, कोणी शहाळे पिते. कोपऱ्यावर, म्हणजे तिथे कोपरा असता तर त्या जागी, दोन पोरे गिटार घेऊन बसली होती. नातू त्यांच्यापाशी थांबला. आम्ही पुढे गेलो. बऱ्याच वेळाने मागे वळून पाहिले, तर तो त्यांच्याबरोबर रस्त्यावर मांडी घालून बसला होता.

ही म्हणाली, “हाक मारू का? जेवायची वेळ झाली.”

चिरंजीव म्हणाले, “राहू दे. दहा हाकांशिवाय तो यायचा नाही.”